देवमाशाच्या घोट्यातली कप्पी

आपण त्याला देवमासा म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण देव असो नसो, तो मासा नक्की नाहीये. २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं होतं, त्याला परत समुद्रात नेण्याची केवढी धडपड चालली होती, ते आठवत असेल. मासा असता तर पाण्याबाहेर इतके तास तगलाच नसता. हा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, आणि त्याच्या वल्ह्यासारख्या पंखाचा एक्स-रे काढला तर आत दंडाचं हाड, कोपर, मनगट, बोटं, सगळं हजर. शेपटी पण बघा, मासा डावी-उजवीकडे हलवतो आणि हा वर-खाली, कारण त्याचा कणा धावणाऱ्या कुत्र्याच्या कण्यासारखा वाकतो.

म्हणजे याचे पूर्वज जमिनीवर चालणारे असणार. असा अंदाज बांधणं सोपं आहे हो, पण पुरावा? स्वतः डार्विनने १८५९ मध्ये लिहिलं होतं की तोंड उघडं ठेवून पोहत पाण्यातले किडे खाणाऱ्या अस्वलापासून देवमाशासारखं काहीतरी घडू शकेल, आणि त्यावर लोक इतके हसले की पुढच्या आवृत्तीत त्याने ते वाक्य छाटलं. अस्वल चुकलंच होतं म्हणा. पण खरी हाडं निघाली ती बरीचशी आपल्याच बाजूला, कच्छ, काश्मीर आणि पाकिस्तानात, कारण पाच कोटी वर्षांपूर्वी इथे टेथिस नावाचा उथळ समुद्र होता, हिमालय अजून धड उभा राहायचा होता.

कच्छमध्ये १९७० च्या दशकात अशोक सहानी आणि व्ही. पी. मिश्रा या जीवाश्मतज्ज्ञांना जुन्या देवमाशांचे अवशेष मिळाले. १९८१ मध्ये पाकिस्तानातून पाकिसिटसची कवटी जाहीर झाली, कान देवमाशाच्या वळणाचे आणि जनावर चार पायांचं. १९९४ मध्ये अँब्युलोसिटस, म्हणजे चालता देवमासा, साधारण मगरीसारखा. आणि इजिप्तच्या वाळवंटात बॅसिलोसॉरस, पंधरा मीटरच्या वर लांब, पूर्ण पाण्यातला, तरी मागे जेमतेम हातभर पाय शिल्लक, गुडघ्यासकट, बोटांसकट.

आता जी गंमत मला सगळ्यात भारी वाटते ती भांडणाची. देवमाशाचे जमिनीवरचे नातेवाईक नेमके कोण? हाडं बघणारे दात मोजून सांगत होते की मेसोनिकिड नावाचे, लांडग्यासारखे दिसणारे, आता नामशेष झालेले मांसाहारी प्राणी. डीएनए वाले म्हणाले, छे, पाणघोडा! हाडवाल्यांना ते पटेना.

डीएनए वाल्यांचा मुद्दा समजायला कॉलेजचं जर्नल आठवा. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाचं जर्नल दहा जण उतरवतात, आणि मूळ जर्नलमध्ये तिसऱ्या पानावर एक येडपट चूक असेल तर ती दहाही जर्नलात त्याच जागी येते. दहा जणांनी स्वतंत्रपणे तीच चूक त्याच ओळीत केली असं कोणते सर मान्य करतील? डीएनएमध्ये पण असे छोटे तुकडे असतात जे मध्येच कुठेतरी स्वतःची कॉपी घुसवतात आणि मग पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतात. १९९० च्या दशकात नोरिहिरो ओकाडा आणि त्यांच्या जपानमधल्या सहकाऱ्यांनी दाखवलं की असे काही तुकडे देवमासा आणि पाणघोडा दोघांत अगदी त्याच जागी आहेत, पण गाय, डुक्कर, उंट यांच्यात त्या जागी नाहीत.

मग २००१. गाय, शेळी, हरीण, डुक्कर, पाणघोडा या सगळ्या समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येत खूर असलेल्या, मंडळींच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक हाड असतं, त्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते, आणि ही दुहेरी कप्पी त्या कुळाची खूणच आहे. सप्टेंबरमध्ये एकाच आठवड्यात दोन वेगळ्या टीमनी पाकिस्तानातल्या प्राचीन देवमाशांचे घोटे प्रसिद्ध केले आणि दोन्हीकडे दुहेरी कप्पी! त्यातल्या एका टीमचे फिलिप गिंगरिच हे आधी मेसोनिकिडच्या बाजूचे होते, हाड बघून त्यांनी मत बदललं. प्रयोगशाळेत बसून कोणीतरी रेणूंवरून सांगितलं आणि बलुचिस्तानच्या डोंगरातल्या घोट्याने त्याला दुजोरा दिला, यात कोणी कोणाची कॉपी केलेली नाही, म्हणून हा पुरावा एवढा वजनदार.

(पाणघोड्यापासून देवमासा झाला असं मात्र नाही, दोघं चुलत भाऊ.)

काश्मीरची गोष्ट राहिलीच. राजौरीजवळच्या कालाकोटचे खडक भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवले होते, त्यातल्या काही दातांवरून १९७१ मध्ये त्यांनी इंडोहायस हे नाव दिलं, बाकी खडक तसेच पडून राहिले. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले, आणि तिथे कवटी साफ करताना चुकून कानाचं हाड तुटलं, तर आतली कड चांगली जाडजूड. अशी कड तोवर फक्त देवमाशांच्याच कुळात माहीत होती! मांजरापेक्षा जरासा मोठा, हरणासारख्या काटकुळ्या पायांचा हा प्राणी, त्याची पायांची हाडं पाणघोड्यासारखी जड आणि भरीव, म्हणजे पाण्यात बुडून तळावर चालता यावं अशी. २००७ मध्ये हे छापून आलं, लेखकांत आपले जीवाश्मतज्ज्ञ सुनील बाजपेयीही होते. तो देवमाशाचा थेट पणजोबा नव्हे, चुलत घराण्यातला, पण थेट पणजोबाच दाखवा असा हट्ट धरणाऱ्यांना आपल्या खापरपणजोबांचं नाव तरी माहीत असतं का कोण जाणे.

आणि हे सगळं फक्त दगडात नाहीये. दात नसलेल्या देवमाशांच्या गर्भात आधी दात फुटू लागतात आणि जन्माच्या आत विरघळून जातात, दातांचं एनॅमल बनवणारी त्यांची जनुकं आजही त्यांच्यात आहेत पण मोडकळीला आलेली. डॉल्फिनच्या गर्भाला सुरुवातीला मागच्या पायांचे कोंब येतात, काही आठवड्यांत जिरतात. कधीतरी जिरत नाहीत. २००६ मध्ये जपानमधल्या ताइजीजवळ एक डॉल्फिन सापडली, तिला शेपटीच्या अलीकडे, जिथे मागचे पाय असायचे तिथेच, तळहाताएवढ्या पंखांची एक जास्तीची जोडी होती.