ऐकू येते, मग ऐकत का नाही?

अवधान-विकार (एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे अवघड जाण्याची स्थिती) असलेल्या मुलाची श्रवणचाचणी निर्दोष आली, म्हणजे ते सूचनांकडे मुद्दाम दुर्लक्ष करते, असा समज बराच काळ फिरत आहे. तो स्वाभाविकही आहे, कारण हाक मारली की मूल वळून पाहते.

मात्र नेहमीची श्रवणचाचणी शांत खोलीत किती मंद सूर ऐकू येतो, हे प्रामुख्याने मोजते. गलक्यातून बोलणे वेगळे काढणे आणि ऐकलेले शब्द काही सेकंद मनात धरून त्यांवर काम करणे, या गोष्टी तिच्या कक्षेत येतच नाहीत. यांतील दुसऱ्या क्षमतेला शाब्दिक कार्यस्मृती म्हणतात आणि अशा अनेक मुलांमध्ये (सर्वांमध्ये नव्हे) ती तोकडी पडते. ‘वही दप्तरात ठेव, दिवा बंद कर आणि बूट घालून ये’ असे सांगितल्यावर वही तेवढी दप्तरात जाते, आणि मूल खोलीच्या मधोमध थबकते.

पडताळून पाहायचे, तर याच ३ सूचना शांततेत, एकेक करून द्याव्यात. आता कामे होत असतील, तर अडचण हट्टाची नसून स्मृतीवरील भाराची असण्याची शक्यता अधिक. ‘४, ९, २’ हे आकडे उलट क्रमाने म्हणायला सांगूनही थोडा अंदाज येतो. निदान मात्र तज्ज्ञांकडूनच करून घ्यावे.