शेंडा वाळतो, पण बुरशी खालच्या लाकडात असते

फांदीचा शेंडा वाळला की पहिला संशय पाण्यावर जातो, दुसरा खतावर. मग पाणी वाढवलं जातं, खत पडतं आणि वाळलेलं टोक तेवढं छाटलं जातं. पुढच्या हंगामात वाळ वीतभर खाली उतरलेली असते. द्राक्ष, आंबा, बदाम, सफरचंद, लिंबूवर्गीय झाडं अशा अनेक पिकांत दिसणारा हा प्रकार म्हणजे शेंडेमर किंवा डायबॅक. वाळ वरून खाली येते, म्हणून रोगही शेंड्यातच असणार, असं वाटतं. पुष्कळदा मात्र बुरशी बरीच खाली, एखाद्या जुन्या छाटणीच्या जखमेत शिरून लाकडात पसरलेली असते आणि वरच्या भागाचं पाणी तिथेच अडलेलं असतं.

द्राक्षवेलीतली युटायपा लाटा ही बुरशी घ्या. जुन्या मेलेल्या लाकडावर तिची बारीक काळी फळं असतात. जेमतेम 1 मिलिमीटर पाऊस पडला तरी त्यांतून बीजाणू, म्हणजे बुरशीच्या बियांसारखे सूक्ष्म कण, बाहेर पडून वाऱ्यावर जातात. बीजाणूची लांबी असते साधारण 10 मायक्रोमीटर. वेलीच्या जलवाहिन्या त्याच्या कित्येक पट रुंद. जलवाहिन्यांतलं पाणी ताणाखाली असतं. ताजा काप दिला की हा ताण सुटतो आणि कापावरचा थेंब बीजाणूंसह आत ओढला जातो. बीजाणू रुजतो तो असा पृष्ठभागाच्या आत. खुरटलेली, पिवळी, वाकडी पानं दिसायला त्यानंतर तीन-चार वर्षंही लागतात. तोवर ती छाटणी कुणाच्या लक्षातही नसते.

बोट्रिओस्फेरिया कुळातल्या बुरशा पावसाच्या शिंतोड्यांबरोबर उडतात. त्यांतली लासिओडिप्लोडिया थिओब्रोमे शेकडो जातींच्या झाडांवर जगते. तिला 30 अंश सेल्सियसच्या आसपासचं तापमान मानवतं. ती निरोगी दिसणाऱ्या फांदीत गुपचूप राहते आणि झाडाला पाण्याचा ताण पडला की उठते.

आता झाड काय करतं ते पाहू, कारण या रोगाची सगळी गंमत तिथे आहे. आपली कातडी कापली तर जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात. लाकडात तसं होत नाही. बिघडलेलं लाकूड तिथेच राहतं, झाड फक्त त्याला कोंडून टाकतं. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांनी 1977 मध्ये याचं चार भिंतींचं चित्र मांडलं. पहिली भिंत वर-खाली पसरण्याविरुद्ध: शेजारच्या जिवंत पेशी जलवाहिनीत फुग्यासारख्या शिरतात किंवा डिंक सोडतात आणि नळी बुजवतात. ही सर्वांत कच्ची, म्हणून डाग उभा लांबच लांब धावतो. दुसरी भिंत आतल्या बाजूला, वर्षवलयाच्या कडेच्या दाट लाकडाची. तिसरी आडव्या पसरण्याविरुद्ध: गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या जिवंत पेशींच्या रांगांची, म्हणजे काष्ठकिरणांची. रोगट फांदी आडवी कापली की पाचरीसारखा तपकिरी डाग दिसतो ना, त्याच्या दोन सरळ कडा याच किरणांच्या. बुरशी कुठे अडली याचा तो नकाशाच असतो. चौथी भिंत सर्वांत पक्की: जखम झाल्यावर कॅम्बियम, म्हणजे साल आणि लाकूड यांमधला वाढीचा थर, जे नवं लाकूड घडवतो त्याच्या सुरुवातीलाच बुरशीरोधक रसायनांचा पट्टा असतो.

यात दोन अडचणी आहेत. नळ्या बुजवल्या की बुरशीबरोबर झाडाचं स्वतःचं पाणीही तुटतं, त्यामुळे फांदी वाळण्यात या बचावाचाही वाटा असतो. दुसरी अडचण म्हणजे कँकर, म्हणजे सालीवरचा मेलेला, खचलेला व्रण. काही बुरशा कॅम्बियमच मारतात, मग चौथी भिंत बांधणार कोण? साल खचते, तडकते, काही झाडांत डिंक गळतो. सफरचंदावरची निओनेक्ट्रिया डिटिस्सिमा झाड सुप्तावस्थेत असताना पुढे सरकते. वाढीच्या काळात झाड कडेला नवा काठ बांधतं, पुढच्या सुप्तावस्थेत बुरशी तो ओलांडते. म्हणून जुन्या कँकरवर एकाभोवती एक कडी दिसतात.

खोडात लोखंडी खिळा ठोकला की झाड सुधारतं, फळ धरतं, ही समजूत अनेक ठिकाणी आहे. खिळा म्हणजे बुरशीला मुद्दाम उघडून दिलेलं दार. ‘आतून रोग धुऊन काढणाऱ्या’ बाटलीबंद औषधांवरही विश्वास ठेवू नये. फवारा बाहेर राहतो. बहुतेक आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शोषली जाणारी, बुरशीनाशकं जलवाहिन्यांतून वर जातात आणि रोगट जागी नेमक्या त्याच नळ्या बुजलेल्या असतात.

उपाय करवतीचा. फांदी तुकड्यातुकड्याने खाली कापत यावी आणि प्रत्येक काप पाहावा. डाग पूर्ण संपल्यावरही किमान 10 सेंटिमीटर खाली, निरोगी लाकडात शेवटचा काप घ्यावा, कारण बुरशीचे धागे डागाच्या पुढे असतात. फांदी मुळापासून काढायची असेल तर तिच्या बुडाचा फुगीर कंगोरा शाबूत ठेवावा. खोडाला घासून कापल्यास जखम विनाकारण मोठी होते. कापाचा व्यास दुप्पट झाला तर क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून नको असलेली फांदी बारीक असतानाच काढावी. छाटणीला कोरडे दिवस निवडावेत. कापलेलं लाकूड बागेत रचून ठेवू नये, पुढचे बीजाणू त्याच्यावरच तयार होतात.

मोठ्या कापांवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी: मोरचूद (तांब्याचा क्षार) 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. मोरचूद प्लॅस्टिकच्या भांड्यात 5 लिटर पाण्यात विरघळवावं, चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये विझवून थंड होऊ द्यावा, मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळावं. लोखंडी भांडं चालत नाही, त्यावर तांबं बसतं. हीच खूण तपासणीला वापरतात: स्वच्छ लोखंडी पातं मिश्रणात बुडवल्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, आणखी चुना घालावा. पेस्ट त्याच दिवशी संपवावी. शिळी झाली की कण मोठे होऊन तळाशी बसतात आणि ती कापाला नीट चिकटत नाही. पेस्ट फक्त नवा शिरकाव अडवते, डागाच्या आत बसलेल्या बुरशीला तिचा काही उपद्रव नाही. म्हणून आधी स्वच्छ लाकडापर्यंत काप, मग पेस्ट.