जुन्या पियानोचा आवाज साठवायचा म्हणजे नेमकं काय साठवायचं?

बीथोवनच्या ‘मूनलाइट सोनाटा’च्या पहिल्या भागावर त्याचीच एक सूचना आहे: हा संपूर्ण भाग अतिशय नाजूकपणे आणि डॅम्पर उचलून वाजवावा. पियानोची पट्टी सोडली की एक मऊ गादी तारेवर येऊन बसते आणि आवाज थांबवते. ही गादी म्हणजे डॅम्पर. सगळे डॅम्पर उचलून धरले तर एकही तार थांबत नाही, आधीचा सूर नंतरच्या सुरात मिसळत राहतो. आजच्या मोठ्या पियानोवर ही सूचना तंतोतंत पाळली, तर थोड्याच वेळात नुसता गलबला ऐकू येतो. म्हणून आजचे बहुतेक वादक ती पाळत नाहीत. सुरावट बदलली की ते डॅम्पर उचलणारं पेडल सोडतात आणि पुन्हा दाबतात.

सूचनेत चूक नव्हती, पियानो बदलला. बीथोवनने १८०१ साली हे लिहिलं तेव्हा व्हिएन्नातले पियानो लाकडी चौकटीचे, बारीक तारांचे आणि वजनाने हलके असत. साल्झबुर्गला जपून ठेवलेला मोत्सार्टचा पियानो अंतोन वाल्टर या कारागिराने बनवलेला आहे आणि त्याचं वजन सुमारे ८५ किलो भरतं. आजच्या मैफिलीच्या मोठ्या पियानोचं वजन ५०० किलोच्या आसपास असतं. त्याच्या ओतीव लोखंडी चौकटीवर सगळ्या तारांचा मिळून २० टनांच्या घरात ताण असतो. जुन्या पियानोत सूर पटकन उमटतो आणि लवकर विरतो. तिथे डॅम्पर उचलून वाजवलं तर आधीचे सूर मागे मंद होत जातात आणि नवा सूर त्यांच्यावर स्पष्ट उभा राहतो. बीथोवनला हाच परिणाम हवा होता. ज्या वाद्यासाठी संगीत लिहिलं त्याचा आवाज हरवला, तर ते संगीत कागदावर असूनही आपल्याला पुरतं वाचता येत नाही.

आवाज जपायचा म्हणजे वाद्य जपायचं, असं सहज वाटतं. पण तिथेच अडचण सुरू होते. पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा मूळचा पादुआचा. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पदरी तो वाद्यं बनवत आणि दुरुस्त करत असे. त्या घराण्याच्या वाद्यांची १७०० सालची यादी उपलब्ध आहे आणि हळू व जोरात दोन्ही वाजू शकणाऱ्या त्याच्या नव्या वाद्याची नोंद तीत सापडते. त्याने बनवलेले फक्त तीन पियानो आज उरले आहेत: १७२० चा न्यूयॉर्कला, १७२२ चा रोमला आणि १७२६ चा लाइपझिगला. लाइपझिगच्या पियानोतल्या हातोड्या बघण्यासारख्या आहेत. कागदाची पट्टी गोल गुंडाळून चिकटवलेली आणि तिच्यावर चामड्याचा लहानसा तुकडा. एवढ्यावर काम भागलेलं आहे.

हे वाद्य वाजतं ठेवायचं तर तारा ताणाव्या लागतात, आणि तीनशे वर्षांचं लाकूड त्या ताणाखाली वाकतं, चिरतं. चामडं दर आघाताला थोडं कडक होतं. तार तुटली की नवी बसवावी लागते आणि तिचं पोलाद किंवा पितळ जुन्यासारखं नसतं. न्यूयॉर्कच्या पियानोचं साउंडबोर्ड, म्हणजे तारांखालची आवाज मोठा करणारी पातळ फळी, विसाव्या शतकात बदललं गेलं. वाद्य वाजतं झालं, पण क्रिस्तोफोरीने आपल्या हाताने रंधलेली फळी गेली. वाद्याला हात लावला नाही तर कारागिराचा पुरावा टिकतो आणि आवाज बंद पडतो. दुरुस्त केलं तर आवाज येतो, पण तो कोणत्या सालचा हे सांगता येत नाही. संग्रहालयांतले लोक या पेचाशी गेली कित्येक दशकं झुंजताहेत.

म्हणून आवाज वाद्यापासून वेगळा काढून साठवायची खटपट सुरू झाली. त्यासाठी आधी तो आवाज कसा जन्मतो हे बघावं लागतं.

हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या कळवाद्यात तार छेडली जाते. पट्टी दाबली की एक लाकडी पट्टिका वर जाते आणि तिच्यात खोचलेली पक्ष्याच्या पिसाची काडी तारेला नखासारखी छेडते. बोट हळू पडो की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. पट्टी सोडल्यावर ती काडी खाली येताना तारेला पुन्हा निसटता स्पर्श करते, मग डॅम्पर बसतो आणि लाकडाचा बारीक ‘खट्’ असा आवाज होतो. हा ‘खट्’ त्या वाद्याचा भाग आहे. तो पुसून टाकलेलं हार्प्सिकॉर्ड मला खोटं वाटतं.

पियानोत तारेवर हातोडी आदळते आणि लगेच मागे येते. ती तारेला चिकटून असते ते अवघे काही मिलिसेकंद, पण आवाजाचा रंग तेवढ्यात ठरतो. हातोडी मऊ आणि जाड असेल तर ती तारेवर जास्त वेळ टेकते आणि वरचे, बारीक उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे उंच नाद, तिथल्या तिथे दाबून टाकते. आजच्या पियानोच्या नमद्याच्या हातोड्यांचा गोल, भरदार आवाज येतो तो यामुळे. चामडं लावलेली छोटी, कडक हातोडी चटकन उडते, वरचे उपस्वर जिवंत राहतात आणि आवाज बोलका, थोडा धारदार येतो.

सगळ्यांत नाजूक वाद्य म्हणजे क्लॅव्हिकॉर्ड. पट्टीच्या मागच्या टोकाला पितळेचं एक पातं असतं. ते तारेवर आपटतं आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तिथेच टेकून राहतं. तारेची कंप पावणारी लांबीही तेच पातं ठरवतं. त्यामुळे बोटाचा दाब किंचित वाढवला की तार ताणली जाते आणि सूर चढतो, ढिला केला की उतरतो. म्हणजे कळवाद्यावर चक्क आंदोलन घेता येतं! पेटीवर मींड नाही, आंदोलन नाही, ही तक्रार ऐकत मोठे झालेल्या आपल्या कानांना याचं अप्रूप वाटायलाच हवं. योहान सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याचं हे आवडतं वाद्य. आवाज मात्र इतका हळू, की शेजारच्या खोलीत बसलेल्याला ऐकू येईलच असं नाही.

आता साठवणीकडे. पहिली पद्धत सॅम्पलिंगची: वाद्याचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करायचा आणि आजच्या कीबोर्डची पट्टी दाबली की तो ऐकवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण हिशेब मांडून बघू. वाल्टरच्या काळातल्या पाच सप्तकांच्या पियानोला ६१ पट्ट्या. प्रत्येक पट्टी आठ वेगवेगळ्या जोरांनी वाजवायची. एकच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वाजलं तर कानाला यंत्रासारखं लागतं, म्हणून प्रत्येक जोराचे दोन नमुने घ्यायचे. झाली ९७६ ध्वनिमुद्रणं. पट्टी सोडतानाचे आवाज त्याशिवाय. सेकंदाला ९६,००० वेळा, २४ बिटांत, दोन वाहिन्यांवर नोंद घेतली तर दहा सेकंदांच्या एका सुराला सुमारे ५.८ मेगाबाइट लागतात, म्हणजे पहिल्या ९७६ नमुन्यांनाच साडेपाच गिगाबाइटांहून जास्त जागा. एवढं करायला वाद्य तासन्‌तास एकाच जुळणीत राहावं लागतं आणि भोवती शांतता लागते. इटलीतल्या क्रेमोना शहरात २०१९ च्या जानेवारीत स्त्रादिव्हारीसारख्या कारागिरांच्या व्हायोलिन घराण्यातल्या वाद्यांचं असंच सॅम्पलिंग झालं. तेव्हा संग्रहालयाभोवतीच्या रस्त्यांवरची वाहतूक बंद केली होती आणि बारीक गुणगुण करणारे सभागृहातले दिवेसुद्धा काढून ठेवले होते.

चर्चमधल्या पाइप ऑर्गनचं सॅम्पलिंग आणखी अवघड, कारण तिथे इमारतही वाद्यात धरावी लागते. पट्टी सोडल्यावर आवाज घुमटाखाली काही सेकंद फिरत राहतो. सूर क्षणभर वाजवला तर ही घुमण एक, बराच वेळ धरून सोडला तर दुसरी. म्हणून एकाच पाइपचे आखूड आणि लांब वाजवून सोडल्याचे वेगवेगळे नमुने घेतात. पॅरिसच्या नोत्र दाममध्ये संशोधकांनी २०१३ साली इमारतीच्या घुमण्याचं मोजमाप केलं होतं. एप्रिल २०१९ मध्ये आग लागून छप्पर कोसळलं. सुमारे ८,००० पाइपांचा मोठा ऑर्गन बचावला, पण शिशाच्या धुळीने माखला. आगीपूर्वीची ती घुमण कशी होती हे सांगायला मोजमाप हाताशी होतं, ही केवढी मोठी गोष्ट!

सॅम्पलिंगची एक मर्यादा मात्र काही केल्या सुटत नाही. खऱ्या पियानोत दोन सूर एकत्र वाजले की एकमेकांना हलवतात. डॅम्पर उचललेले असतील तर सतार-सारंगीच्या तरफांसारख्या बाकीच्या ताराही झंकारतात. सुटे मुद्रित केलेले दोन सूर एकावर एक ठेवून हे होत नाही. क्लॅव्हिकॉर्डची तर पंचाईतच. मिडी म्हणजे काय वाजवलं ते कीबोर्डने संगणकाला कळवायची पद्धत. १९८३ पासून चालत आलेल्या या पद्धतीत साधा कीबोर्ड पट्टी किती वेगाने दाबली एवढंच कळवतो. दाबल्यानंतर बोटाने काय केलं, हे कळवण्याची सोय मिडीत असली तरी पट्टीगणिक ती देणारे कीबोर्ड थोडेच.

दुसरी पद्धत गणिताची आहे. तारेची लांबी, जाडी, ताण, हातोडीचा कडकपणा, आघाताची जागा, साउंडबोर्डची कंपनं हे सगळं समीकरणांत मांडायचं आणि पट्टी दाबल्यावर आवाज त्या क्षणी मोजून काढायचा. फ्रान्सच्या तुलूझमधल्या मोदार्त कंपनीचं पियानोटेक हे सॉफ्टवेअर २००६ पासून असं काम करतं. त्याचा कर्ता फिलिप गियोम पियानो जुळवणारा आणि पुढे गणिताचा प्राध्यापक. कान आणि समीकरण एकाच माणसाकडे असल्याचा फायदा त्यात दिसतो. सॉफ्टवेअरचा आकार गिगाबाइटांत नाही, मेगाबाइटांत आहे. जर्मनीतल्या हाले शहरातल्या हेंडेल संग्रहालयासारख्या ठिकाणची जुनी वाद्यं त्यांनी या पद्धतीने उभी केली आहेत. मूळ वाद्याचे काही सूर बिघडलेले असले तर आजूबाजूच्या चांगल्या सुरांवरून ते गणिताने भरून काढता येतात, आणि वाद्याला कुणी स्क्रूड्रायव्हरसुद्धा लावत नाही.

शिकणाऱ्या वादकासाठी मी गणिताची पद्धत निवडेन, कारण ती बोटाला उत्तर देते. पण तिच्यामागे साफसफाई न केलेली मूळ ध्वनिमुद्रणं जपलेली असलीच पाहिजेत. आजचं समीकरण काय विसरलं, हे उद्या कुणाला त्यावरूनच तपासता येईल.

जुळणीच्या बाबतीत तर संगणकाने मोठंच दार उघडलं. आजच्या पियानोत सप्तकाचे बारा समान भाग असतात. प्रत्येकाचे शंभर सेंट, त्यामुळे शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर. पण चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ५/४ या प्रमाणाचा, म्हणजे ३८६ सेंटांवर असतो. पियानोचा आणि पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा १४ सेंट चढा. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत कळवाद्यं अशा रीतीने जुळवत, की बरेचसे गंधार नैसर्गिक मिळत. त्याची किंमत म्हणून एखादा पंचम इतका बेसूर व्हायचा, की त्याला ‘लांडगा’ म्हणत. खऱ्या हार्प्सिकॉर्डवर जुळणी बदलायची तर एकेक तार पिळत बसावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये एका टिचकीत होतं.

हा वाद आपल्याला परका नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींचं गणित मांडलं आणि त्याप्रमाणे पेटी बनवण्याचा ध्यास घेतला. १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तिच्या टेम्पर्ड, म्हणजे बारा समान भागांत बसवलेल्या, सुरांवरचा आक्षेप हे त्यामागचं एक ठळक कारण. संगीत नाटकांतला पायाने भाता मारायचा ऑर्गन तर बालगंधर्वांच्या गाण्याशी एकजीव झाला होता. त्या काळच्या तबकड्यांवरून तो आवाज सुटा काढता येणार नाही. १९२५ च्या आधी कर्ण्यात गाऊन मुद्रण होई, त्यात फार खालचे किंवा फार उंच नव्हे, फक्त मधले नाद उमटत, आणि वर गायकाचा आवाज. जे ऑर्गन आज वाजत्या स्थितीत आहेत त्यांचेच सूर घ्यावे लागतील: खर्जाची पितळी जीभ बोलायला घेते तो क्षणभराचा उशीर, भात्याच्या दाबाबरोबर बदलणारा जोर, पायाखालच्या फळीची कुरकुर, सगळ्यासकट. हे कुणीतरी हाती घ्यावं असं मला फार मनापासून वाटतं, कारण या कामाला लागणारी साधनं आता एखाद्या कॉलेजच्या संगीत विभागालाही परवडतात.

आवाज साठवून झाला तरी स्पर्श उरतोच. जुन्या व्हिएनीज पियानोची पट्टी आजच्या पियानोच्या जवळपास निम्मीच खाली जाते आणि फार हलकी असते. त्या पियानोचा आवाज आजच्या जड पट्टीच्या कीबोर्डवर वाजवला तर कानाला एक मिळतं आणि बोटाला दुसरंच. यावर उपाय एकच, जुन्या मापाबरहुकूम नवं वाद्य बनवणं. संगीतकार शोपँच्या वॉर्सातल्या घरचा बुखहोल्ट्स पियानो १८६३ साली रशियन सैनिकांनी खिडकीतून रस्त्यावर फेकून फोडला. युक्रेनमधल्या क्रेमेनेट्सला त्याच कारागिराचा एक पियानो शिल्लक होता. त्याचा अभ्यास करून पॉल मॅकनल्टी यांनी प्रतिकृती बनवली. वॉर्सात २०१८ साली जुन्या वाद्यांवरची पहिली आंतरराष्ट्रीय शोपँ स्पर्धा झाली, तेव्हा एरार, प्लेयेल आणि ब्रॉडवुडच्या अस्सल पियानोंबरोबर ही प्रतिकृतीही मंचावर होती. तरुण स्पर्धकांना एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाताना प्रत्येक वेळी बोटांचा जोर नव्याने ठरवावा लागत होता.