पर्यटनस्थळांवरील टॅक्सीभाड्याचा वाद : मीटरआधी आणि मीटरनंतर

परक्या शहरात उतरलेल्या प्रवाशाकडून अवाच्या सवा भाडे उकळले जाते, ही तक्रार मोटारीहून कितीतरी जुनी आहे. लंडनमध्ये भाड्याच्या घोडागाड्यांच्या संख्येवर १६५४ साली मर्यादा आली आणि १६६२ च्या कायद्याने ४०० गाड्यांना परवाने देताना पहिल्या तासाला १८ पेन्स व पुढील प्रत्येक तासाला १२ पेन्स असे दरही बांधून दिले. मात्र किती वेळ झाला आणि किती अंतर पडले, हे शेवटी गाडीवानच सांगत असे, आणि शहराची माहिती नसलेल्या माणसाला ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नसे.

यावर यांत्रिक तोडगा निघाला तो १८९१ मध्ये जर्मनीत ब्रून यांनी तयार केलेल्या टॅक्सीमीटरने. न्यूयॉर्कमध्ये हे यंत्र आले ते तर भाड्याच्या भांडणातूनच. पाऊण मैलासाठी घोडागाडीवाल्याने पाच डॉलर घेतल्याने संतापलेल्या हॅरी ॲलन या तरुणाने १९०७ मध्ये फ्रान्सहून मोटारी आणून मीटरने चालणारी टॅक्सी कंपनीच काढली. त्याच वर्षी लंडनमध्ये मीटर सक्तीचा झाला.

अंतर मोजण्याचा प्रश्न सुटला, तरी रस्ता निवडणे चालकाच्याच हाती राहिले. अथेन्समध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी शेकडो फेऱ्यांचा प्रयोग करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : शहर अपरिचित असल्याचे दिसताच प्रवाशाला लांबच्या रस्त्याने नेले जाई, तर दरपद्धती ठाऊक नसलेल्या परदेशी प्रवाशाच्या बिलातच वाढ होण्याची शक्यता अधिक असे. नेहमीचे गिऱ्हाईक पुन्हा भेटते, पर्यटक बहुधा भेटत नाही. त्यामुळे नाव खराब होण्याचा धाकही उरत नाही.

तथापि सारा दोष चालकाच्या स्वभावावर ढकलणे मला अपुरे वाटते. न्यूयॉर्कने १९३७ च्या हास कायद्याने टॅक्सी-परवान्यांची संख्या गोठवली, आणि पुढे एकेका परवान्याची किंमत दहा लाख डॉलरांवर गेली. ज्यांना परवाना परवडत नसे, ते पाळीगणिक भाडे भरून दुसऱ्याची गाडी चालवत. विमानतळावर तासन्‌तास रांगेत थांबल्यावर जवळचे भाडे मिळाले, तर अशा चालकाचा दिवस तोट्यात जातो. जवळचे भाडे नाकारणे किंवा ‘मीटर बंद आहे’ असे सांगून ठोक रक्कम मागणे हे प्रकार क्षम्य नाहीत, पण त्यामागचे गणित हे आहे.

म्हणूनच अनेक शहरांनी विमानतळापुरता मीटर बाजूला ठेवून ठरावीक भाडे लागू केले. पॅरिसने २०१६ मध्ये शार्ल द गोल विमानतळापासून सीन नदीच्या उजव्या तीरापर्यंत ५० आणि डाव्या तीरापर्यंत ५५ युरो असा दर जाहीर केला. ॲपमुळे तर बसण्याआधीच रक्कम समजू लागली. परंतु गर्दीच्या वेळी तीच रक्कम दुप्पट झाली, तरी अनेक ठिकाणी ती नियमबाह्य ठरत नाही, कारण प्रवाशाने ती आधी मान्य केलेली असते.