पिकअप, खर्ज जुळणीच्या विद्युत गिटारीचा

विद्युत गिटारीच्या पोलादी तारांच्या कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा चुंबकीय घटक. चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे, एवढीच त्याची मूळ रचना. मेटल व त्याच्या उपशैलींत गिटारीची जुळणी नेहमीच्या ‘ई’च्या (82.4 हर्ट्झ) बरीच खाली उतरवतात. ‘ड्रॉप सी’मध्ये सर्वांत जाड तार 65.4 हर्ट्झवर येते, सात तारी गिटारीची ‘बी’ 61.7 वर आणि आठ तारीची ‘एफ शार्प’ 46.2 वर. अशा जुळणीसाठी पिकअप कसा निवडतात, एवढ्यापुरतीच ही नोंद मर्यादित आहे; शेवटी इंदूरच्या वादकापुढच्या अडचणीही घेतल्या आहेत.

उगम व हंबकरचा वाद. जॉर्ज बोशँप यांनी 1931 च्या सुमारास घडवलेला नालाकृती चुंबकाचा पिकअप व्यवहारात यशस्वी ठरलेला पहिला पिकअप मानला जातो. त्याचे पेटंट मात्र 1937 मध्ये मिळाले. त्यापुढची दोन दशके एकेरी वेटोळ्याची होती. असे वेटोळे तारेसोबत घरातल्या विजेची गुणगुणही पकडते. त्यावरचा तोडगा म्हणजे दोन वेटोळी शेजारी ठेवायची, एकाची चुंबकीय दिशा आणि जोडणी दोन्ही दुसऱ्याच्या उलट करायची. तारेचा संकेत मिळवला जातो, बाहेरची गुणगुण परस्पर वजा होते. अशा दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपला हंबकर म्हणतात.

ही युक्ती प्रथम कोणाची, यावर एकमत नाही. गिब्सन या गिटार कंपनीचे अभियंता सेथ लव्हर यांनी 22 जून 1955 रोजी अर्ज केला आणि त्यांना पेटंट मिळाले 28 जुलै 1959 रोजी. ग्रेच कंपनीसाठी काम करणाऱ्या रे बट्स यांचा अर्ज जानेवारी 1957 चा, म्हणजे दीड वर्ष उशिराचा. तरी त्यांचे पेटंट 30 जून 1959 ला, लव्हर यांच्या महिनाभर आधी मंजूर झाले. बट्स यांच्या बाजूने बोलणारे त्यांचा नमुना 1954 चा असल्याचे सांगतात. लव्हर यांचे समर्थक अर्जाच्या तारखेवर बोट ठेवतात. दोन्ही बाजूंना सोयीस्कर विसर पडतो तो बाल्डविन पियानो कंपनीच्या आर्मंड नॉब्लॉ यांचा. त्यांनी 1935 मध्येच एकावर एक रचलेल्या दोन वेटोळ्यांच्या पिकअपसाठी अर्ज केला होता. तत्त्व नॉब्लॉ यांच्या काळापासून ज्ञात होते आणि गिटारीवर ते दोघांनी स्वतंत्रपणे आणले, हे मत कागदपत्रांशी अधिक जुळते. मेटलपुरते पाहायचे तर वारसा लव्हर यांच्या रचनेचा चालला, बट्स यांच्या नव्हे.

लव्हर यांच्या सुरुवातीच्या पिकअपांवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी असे, त्यावरून ‘पी.ए.एफ.’ हे नाव रूढ झाले. 1962 च्या सुमारास चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक आला, पण तो होता 2737842, जो लेस पॉल यांच्या टेलपीसचा (तारांची मागची टोके धरणाऱ्या भागाचा) आहे. नक्कल करणाऱ्यांची दिशाभूल करण्यासाठी हे मुद्दाम केले, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. साधी कारकुनी चूक असण्याची शक्यताही तेवढीच आहे.

खाली उतरलेली जुळणी. ब्लॅक सॅबथचे टोनी आयोमी यांची उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके बर्मिंगहॅमच्या पत्रा कारखान्यात तुटली होती. ताण कमी व्हावा म्हणून त्यांनी तारा सैल केल्या आणि 1971 च्या ध्वनिमुद्रणांत गिटार तीन अर्धस्वर खाली आली. खर्ज जुळणीची सुरुवात इथून मोजण्याचा प्रघात आहे. त्या काळात हेवी संगीतासाठी वेगळा पिकअप नव्हता. तो आला 1972 च्या सुमारास, डीमार्झिओ कंपनीचा ‘सुपर डिस्टॉर्शन’: सिरॅमिक चुंबक, जास्त वेढे, सुमारे 13 किलोओहम रोध. 1980 च्या दशकाच्या अखेरीस डेथ मेटल बँड ‘बी’पर्यंत उतरले. आयबनेझची सात तारी गिटार 1990 मध्ये आणि त्याच कंपनीची आठ तारी 2007 मध्ये बाजारात आली.

निवडीचे तत्त्व. नवखा वादक बहुधा ‘जास्त बास देणारा’ पिकअप मागतो. खर्ज जुळणीत गरज नेमकी उलट असते. ड्रॉप सीमध्ये पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि त्याचा पंचम) छेडली की 65.4 हर्ट्झचा ‘सी’ आणि 98 हर्ट्झचा ‘जी’ एकत्र वाजतात. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे संकेत मुद्दाम विकृत केल्यावर, त्यांच्या फरकाचा स्वर, 32.6 हर्ट्झ, आपोआप उपजतो. पुढे प्रत्येक अधिस्वराच्या जोडीची अशीच संतती वाढत जाते, आणि तळाशी जो गढूळपणा साचतो त्याला वादक ‘मडी’ म्हणतात. म्हणून खालचा भाग डिस्टॉर्शनच्या आधीच आवरावा लागतो. ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह पेडल मेटल वादक ॲम्पच्या आधी लावतात तो याच कारणासाठी, कारण त्यातले मंडल सुमारे 720 हर्ट्झखालच्या भागाला कमी गेन (प्रवर्धन) देते. पिकअपकडून हवा असतो तो मध्य पट्टीतला ठोसपणा आणि पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) आघात स्पष्ट कळण्याइतकी वरची बाजू.

दुकानात पहिला प्रश्न येतो तो ‘किती के चा आहे?’ हा, म्हणजे रोध किती किलोओहम. निवडीसाठी हा आकडा फारसा कामाचा नाही. 42 गेजऐवजी 43 गेजची बारीक तार वापरली की वेढे तेवढेच राहून रोध वाढतो. आवाजाची ताकद तेवढ्याने वाढत नाही. खरे काम इंडक्टन्सचे, म्हणजे वेटोळे बदलत्या प्रवाहाला करते त्या विरोधाचे. वेटोळ्याची इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका ठराविक कंप्रतेवर अनुस्पंदन होते. त्याच्या वर आवाज झपाट्याने उतरतो. इंडक्टन्स 4.4 हेन्री आणि एकूण कपॅसिटन्स 600 पिकोफॅरड धरली तर हा शिखरबिंदू सुमारे 3,100 हर्ट्झवर येतो. इंडक्टन्स 8 हेन्री झाली तर तो 2,300 पर्यंत घसरतो. मध्य पट्टी गच्च होते, पण जाड तारेवरच्या जलद फटक्यांची धार बोथट होते. ‘हाय आउटपुट’ची जाहिरात पाहून घेतलेला पिकअप ड्रॉप बीमध्ये घुसमटलेला वाटतो तो यामुळे. लांब, हलक्या दर्जाची केबल हेच नुकसान आणखी वाढवते.

चुंबकाबद्दल मतभेद आहेत. सिरॅमिक ‘टाइट’, अॅल्निको 5 (ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्टचा मिश्रधातू) ‘उबदार’ ही विभागणी विक्रेत्यांची आणि बऱ्याच वादकांचीही आवडती आहे. मोजमाप करणारे म्हणतात की चुंबकाचा प्रकार मुख्यतः त्याच्या ताकदीतून आणि इंडक्टन्समध्ये पडणाऱ्या लहानशा फरकातून जाणवतो. उरलेले श्रेय वेढ्यांचे. दुसरी बाजू अधिक सयुक्तिक दिसते. सीमोर डंकनचा ‘जेबी’ सुमारे 16 किलोओहमचा असून त्यात अॅल्निको 5 आहे, आणि मेटलमध्ये तो सर्रास वापरला जातो.

सक्रिय पिकअपांत (ईएमजी 81 हा नमुनेदार) वेटोळ्याला लागूनच 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प असतो. त्यामुळे केबलच्या कपॅसिटन्सचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो आणि व्हॉल्यूमचा पॉट (फिरवून आवाज कमी-जास्त करायचा रोध) 500 ऐवजी 25 किलोओहमचा लागतो. पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या पिकअपच्या) गिटारीत 81 बसवताना जुने पॉट तसेच ठेवले तर व्हॉल्यूम जवळजवळ स्विचसारखा वागतो. 2014 मध्ये आलेल्या फिशमनच्या फ्लुएन्स मालिकेत वेढ्यांऐवजी छापील मंडलांचे थर आहेत. तिची बॅटरी ईएमजीपेक्षा बरीच लवकर संपते.

जोडणीआधी. पिकअप बदलण्यापूर्वी तारा बदलाव्यात. तीच तार ‘ई’वरून ‘सी’वर उतरवली तर ताण 63 टक्क्यांवर येतो, आणि फटका बसताच स्वर क्षणभर वर सरकतो. कोणताही पिकअप हे लपवू शकत नाही. 25.5 इंची स्केलऐवजी (नट ते ब्रिज ही तारेची कंप पावणारी लांबी) 27 इंची स्केल घेतल्यास त्याच तारेचा त्याच स्वराला ताण सुमारे 12 टक्क्यांनी वाढतो. सैल तार रुंद झोके घेते, म्हणून जाड तारेच्या बाजूला पिकअप थोडा खाली हवा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून अंतर मोजतात. सुरुवातीला 2.5 ते 3 मिलिमीटर ठेवावे, मग स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत ऐकावे. पॅसिव्ह पिकअप फार जवळ आला तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटांवर स्वर डुगडुगू लागतो.

इंदूर. मंद्र सप्तकातल्या अतिविलंबित आलापीसाठी ख्यात असलेले उस्ताद अमीर खाँ (1912–74) याच शहराशी निगडित; खर्जाची आवड इथे जुनीच, असे गमतीने म्हणता येईल, पण दोहोंचा संबंध लावणे अनाठायी ठरेल. 2006 मध्ये स्थापन झालेला ‘निकोटिन’ हा इंदूरचा बँड मध्य भारतातील सुरुवातीच्या मेटल बँडांत गणला जातो.

पिकअपच्या दृष्टीने शहराची अडचण सुरांची नाही, विजेची आहे, आणि ती देशभर तशीच आहे. भारतात वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण 50 आणि तिच्या पटींत, विशेषतः 100 हर्ट्झवर येते. ड्रॉप सीच्या पॉवर कॉर्डमधला ‘जी’ 98 हर्ट्झवर आहे. एकेरी वेटोळ्याचा पिकअप, जुना ट्यूबलाइट चोक आणि जास्त गेन असे त्रिकूट जमले, आणि कॉर्ड विरू दिली, की ‘जी’ आणि गुणगुण यांच्यात सेकंदाला दोन या गतीने हेलकावा ऐकू येतो. अमेरिकेत हीच कॉर्ड 60 आणि 120 हर्ट्झपासून दूर पडते. तिकडच्या वादकाने दिलेला ‘सिंगल कॉइलने काम भागते’ हा सल्ला रामबाग किंवा नारायणबागेतल्या खोलीत जसाच्या तसा लागू पडत नाही. कॉइल स्प्लिट केल्यास (एकच वेटोळे चालू ठेवल्यास) हंबकरचे हे संरक्षण जाते, हेही लक्षात घ्यावे.

वीज गेल्यावर स्वस्त चौरस-तरंग इन्व्हर्टरवर ॲम्प चालवला तर वेगळाच खरखराट येतो. त्यातला बराचसा भाग चुंबकीय नसून विद्युत क्षेत्रातून येतो, आणि हंबकर तो वजा करत नाही. त्यासाठी पिकअपच्या खाचेत तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडावी लागते.

जुन्या घरांत अर्थिंग धड नसेल तर पॅसिव्ह गिटारीत तारांना हात लावताच गुणगुण घटते, कारण ब्रिज अर्थला जोडलेला असतो आणि वादकाचे शरीरच ढालीचे काम करू लागते. त्याच मार्गाने धोकाही येतो: ॲम्पचे अर्थिंग बिघडलेले असताना मायक्रोफोनला ओठ लागले तर झटका बसू शकतो. ईएमजीच्या सक्रिय पिकअपांना तारांचे हे अर्थ-जोडकाम लागत नाही. कंपनीच ती तार काढून टाकण्यास सांगते. ड्रमच्या शेजारी उभे राहून गाणाऱ्या गिटारवादकासाठी, आवाजाची आवडनिवड बाजूला ठेवूनही, सक्रिय पिकअपकडे वळण्याचे हे एक पुरेसे कारण आहे.