पाय मुरगळला, पोटरी आखडली: ऑस्टिओपथीचा उपयोग कुठे होतो, कुठे नाही

गणपतीआधी ढोलपथकांचे सराव सुरू झाले की आमच्याकडे नडग्या आणि पोटऱ्या धरून लोक येऊ लागतात. पावसाळ्यात सिंहगडावर घसरलेले येतात, थंडी पडली की मॅरेथॉनच्या तयारीला एकदम लागलेले. दुखणी वेगवेगळी, पण कारण बहुधा एकच असतं: पायाला सवय नसताना त्याच्याकडून अचानक जास्त काम करून घेतलेलं असतं.

ऑस्टिओपथी ही पद्धत अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने १८७४ मध्ये मांडली. यात सांधे आणि स्नायू हाताने तपासतात आणि उपचारही हातानेच करतात. आम्ही औषधं लिहून देत नाही. एक्स-रेची गरज वाटली, तर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

दुखतो पाय, मग कंबर का तपासता?

हा प्रश्न रोज येतो. एक कारण म्हणजे पोटरीतलं दुखणं कधी कधी कमरेतल्या नसेचं असतं. अशा वेळी पोटरी कितीही चोळली तरी उपयोग नाही. दुसरं कारण जुन्या दुखापतींचं. घोटा कधीतरी मुरगळलेला असतो, दुखणं थांबतं, पण तो पूर्वीसारखा वाकत नाही. गड उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकचं काम करतात, आणि घोटा वाकत नसेल तर तो ताण गुडघ्यावर जातो. माणूस गुडघा दाखवायला येतो आणि दोष घोट्यात सापडतो.

घरी पाहायचं असेल तर पायाचं बोट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. दोन्ही पायांत ठळक फरक जाणवला, तर कमी वाकणाऱ्या घोट्याकडे लक्ष द्यायला हवं.

आमच्याकडे काय होतं

आधी चालून दाखवायचं, मग एका पायावर उभं राहायचं. त्यानंतर आखडलेले स्नायू सैल करणं, सांधा हळूहळू हलवणं, कधी तुम्ही आमच्या हाताविरुद्ध जोर लावायचा आणि सोडायचा. क्वचित सांध्याला छोटा झटका देतो, तेव्हा ‘कट्’ असा आवाज येतो. तो सांध्यातल्या द्रवातल्या वायूचा असतो. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. आवाज आला नाही म्हणून पैसे वाया गेले असं समजू नका. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगा, म्हणजे झटका टाळता येतो.

स्पष्टच सांगायचं तर या उपचाराचा अभ्यास कंबरदुखीवर बराच झाला आहे, पायाच्या दुखापतींवर त्या मानाने कमी. हाताच्या उपचाराने दुखणं उतरतं, हालचाल मोकळी होते. ताकद मात्र व्यायामानेच येते. म्हणून प्रत्येकाला घरचा व्यायाम देतोच, आणि पुढच्या वेळी तो केला का हेही विचारतो.

आमच्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडे

मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर आधी एक्स-रे. धावताना मागून कोणी टाचेवर फटका मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर टाचेची शीर (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर, रक्तवाहिनी नव्हे) तुटलेली असू शकते. नडगीवर बोटाएवढ्या एकाच जागी दुखतंय, रात्रीही थांबत नाही, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता आहे. लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

साध्या मुरगळण्यात पहिले दोन दिवस मालिश नको, खेचून घेणं तर नकोच. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, आजीचा मान राहील. पण पलंगावर आठवडा काढू नका. सोसेल तितकं टेकून चालायला लागा.

पुन्हा होऊ नये म्हणून

एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, आणि त्यावर तोल सांभाळण्याचा सराव खरोखर उपयोगी पडतो. दात घासताना एका पायावर उभे राहा. जमलं की डोळे मिटून, पण बेसिन हाताशी असू द्या. पोटरी आणि टाचेसाठी जिन्याच्या पायरीवर चवडे टेकून उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि एका पायावर सावकाश टाच खाली सोडायची. टाचेची शीर जुनी दुखत असेल, तर फरक पडायला साधारण १२ आठवडे धरा. तिसऱ्या दिवशी ‘काही होत नाही’ म्हणून फोन करू नये.

टेकडीला नव्याने जाणाऱ्यांनी पर्वतीपासून सुरुवात करावी आणि सिंहगड थोडा थांबवावा. ढोलवाल्यांनी सरावाचा वेळ आठवड्या-आठवड्याने वाढवावा. पहिल्याच रविवारी तीन तास नको.

येताना सैल हाफ पँट, जुने रिपोर्ट आणि रोजचे बूट आणा. बूट नवे नकोत, झिजलेलेच आणा: कुठल्या बाजूने झिजलेत ते आम्हाला पाहायचं असतं.