स्क्रीनशॉट पाठवण्याआधी : हँडहेल्डवरची पहिली वेबसाइट करून घेणाऱ्यांसाठी

हँडहेल्ड म्हणजे हातात धरून खेळायच्या गेमिंग यंत्रांवरची आपली पहिली वेबसाइट करून घ्यायला जे आमच्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचं काम एकाच ठिकाणी अडकतं. मजकूर तयार असतो, साइटचं नाव ठरलेलं असतं, पहिलं पान कसं दिसावं हेही मनात पक्कं असतं. अडतं ते चित्रांपाशी. म्हणून हे पत्रक. गेम बॉय कलर आणि गेम बॉय अ‍ॅडव्हान्स यांतला फरक तुम्हाला सांगायची गरज नाही, तो विषय आमच्याइतकाच किंवा जास्त तुमचा आहे. चित्रं आमच्यापर्यंत धडपणे कशी पोचवायची, एवढं मात्र नीट सांगायला हवं. शिवाय जवळजवळ प्रत्येक जण विचारतो असे आणखी काही प्रश्न शेवटी घेतले आहेत.

नेहमी घडतं ते असं. एका संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर तीस-चाळीस स्क्रीनशॉट एकामागोमाग येऊन पडतात. पाठवणाऱ्याच्या फोनवर ते उत्तम दिसत असतात. आम्ही ते कॉम्प्युटरवर उघडतो तेव्हा अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके असतात, रेषा पुसट झालेल्या असतात आणि सरळ भिंतीला दात आल्यासारखे दिसतात. तेच पानावर चढवलं की ग्राहक विचारतात, “माझी चित्रं तुमच्याकडे आल्यावर खराब कशी झाली?” ती आमच्याकडे येण्याआधीच खराब झालेली असतात. मग सगळे परत मागवायचे, तोवर मूळ फाइली कुठल्या तरी जुन्या मेमरी कार्डात गेलेल्या असतात, आणि दोन दिवसांचं काम दोन आठवड्यांवर जातं.

हे का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे आमचा आग्रह जाचक वाटणार नाही.

१९८९ सालच्या पहिल्या गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. म्हणजे एकूण २३,०४० ठिपके आणि छटा फक्त चार. एका ठिपक्याला दोन बिट धरले तर अख्खा पडदा ५,७६० बाइटमध्ये मावतो. पीएनजी प्रकारची फाइल असं चित्र एकही ठिपका न बदलता साठवते आणि तरीही ती इवलीशीच राहते. जेपीजी हा प्रकार फोटोंसाठी बनलेला आहे. तो चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा काढून टाकतो. आकाश, चेहरा, झाडं यांत ते खपून जातं. पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे ठिपक्या-ठिपक्याने रचलेल्या चित्रात, मात्र पांढऱ्या ठिपक्याला चिकटून थेट काळा ठिपका असतो, मधली छटाच नसते. जेपीजी तिथे नसलेल्या छटा निर्माण करतो. चार रंगांच्या चित्रात डझनावारी रंग येतात. टेट्रिसचा तुकडा कुठे संपतो आणि मागची भिंत कुठे सुरू होते हे कळेनासं होतं. ज्या कलाकारांनी चार छटांत झाडाची सावली आणि पाण्याची लाट उभी केली, त्यांनी प्रत्येक ठिपका विचार करून ठेवलेला आहे. तो जसाच्या तसा वाचकापुढे यावा, यासाठी आमचा हा सगळा खटाटोप.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकुंचन पावून जेपीजी होऊनच पलीकडे पोचतं. रोजच्या फोटोंसाठी ते सोयीचंच आहे. स्क्रीनशॉटसाठी नाही. त्याच अ‍ॅपमध्ये ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर फाइल जशी आहे तशी येते. एवढा एक बदल केलात तरी आमचं निम्मं पत्रक वसूल झालं.

काही जण आमच्यावर मेहेरबानी म्हणून खराब झालेली जेपीजी पुन्हा पीएनजी म्हणून सेव्ह करून पाठवतात, किंवा फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं बदलतात. त्याने काही परत येत नाही. गेलेला ठिपका गेला. तुमच्याकडचं चित्र कोणत्या अवस्थेत आहे हे पाहायचं असेल तर ते पेंटमध्ये उघडून आठपट मोठं करा. प्रत्येक चौकोन एकाच सपाट रंगाचा दिसला तर चित्र चांगलं. रंगांवर धूळ उडाल्यासारखी दिसली, अक्षरांभोवती राखाडी ठिपके दिसले, तर ते आम्हाला पाठवू नका, मूळ शोधा.

दुसरी गोष्ट याच चुकीची जुळी बहीण आहे : चित्र लहान दिसतं म्हणून आधीच मोठं करून पाठवणं. १६० ठिपक्यांचं चित्र ५०० रुंदीचं केलं तर प्रत्येक ठिपका ३.१२५ पट व्हायला हवा. ठिपक्याचा आठवा भाग काढता येत नाही, म्हणून काही उभ्या ओळी तीन ठिपक्यांच्या होतात, काही चारच्या. चेहऱ्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो. आणि तुमच्या सॉफ्टवेअरने कडा मऊ करायचं ठरवलं, तर सगळंच धुक्यात जातं. पूर्ण पटीत वाढवलं की ही अडचण येत नाही. तिप्पट केलं तर ४८० बाय ४३२, चौपट केलं तर ६४० बाय ५७६. पण तेही तुम्ही करू नका. मूळ आकाराचंच चित्र पाठवा. ते किती पट दाखवायचं आणि कडा धारदार ठेवायच्या, हे ब्राउझरला पानातूनच सांगता येतं, आणि फोनच्या पडद्यानुसार ती पट आम्हाला बदलताही येते. टपाल तिकिटाएवढी फाइल आली की आम्हाला आनंदच होतो.

आडव्या-उभ्याचं प्रमाणही बदलू नका. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा पडदा २४० बाय १६०, पीएसपीचा ४८० बाय २७२, व्हिटाचा ९६० बाय ५४४, आणि डीएसचे दोन पडदे प्रत्येकी २५६ बाय १९२. प्रत्येकाची ठेवण वेगळी. सगळी चित्रं एकाच मापाच्या चौकटीत बसावीत म्हणून पुष्कळ जण ती ताणतात किंवा कातरतात. चौकट जमवणं आमचं काम आहे. डीएसचे दोन्ही पडदे एकाच फाइलमध्ये एकाखाली एक असू द्या. वरचा एकटा पाठवला तर खाली नकाशा होता की शस्त्रांची यादी, हे वाचकाला कधीच कळणार नाही.

मग मूळ चित्र आणायचं कुठून? एम्युलेटर (यंत्राचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याच्या मेनूतली स्क्रीनशॉटची सोय वापरा. बहुतेक ठिकाणी ती पीएनजी देते. कीबोर्डवरच्या प्रिंट स्क्रीनने कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो निघतो, गेमचा नाही. स्टीम डेकवर स्टीम बटण आणि आर-१ एकत्र दाबा. स्विचवर डाव्या हाताला चौकोनी बटण आहेच. ते १२८० बाय ७२० चं जेपीजी चित्र साठवतं, आणि तेच तुमचं मूळ आहे, म्हणून तीच फाइल मेमरी कार्डातून किंवा केबलने काढून द्या. उगाच पीएनजी करायच्या भानगडीत पडू नका. आमचा आग्रह ‘पीएनजीच हवं’ असा नाही. यंत्रातून जी फाइल पहिल्यांदा बाहेर पडली, ती हवी.

यंत्राचा, कार्ट्रिजचा, खोक्याचा फोटो असेल तर फोनच्या कॅमेऱ्याची जेपीजी अगदी योग्य. तिथे पीएनजी केलंत तर फाइल विनाकारण जड होईल. चालू पडद्याचा फोटो काढायचा झाला तर खोलीतला दिवा काचेवर चमकणार नाही असा कोन शोधा आणि फोन थोडा मागे घेऊन झूम करा, म्हणजे पडद्याच्या जाळीवर लाटा उमटणं कमी होतं. २००१ सालच्या पहिल्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळे खिडकीतल्या बाजूच्या उजेडात तो सर्वांत चांगला येतो. याच कारणाने त्या काळातल्या कित्येक गेमचे रंग मुद्दाम भडक ठेवलेले आहेत, अंधुक पडद्यावर उठून दिसावेत म्हणून. आजच्या उजळ पडद्यावर ते डोळ्यांत खुपतात आणि ग्राहक आम्हाला “रंग जरा शांत करा” असं सांगतात. आम्ही करत नाही. स्क्रीनशॉट जसा आहे तसा ठेवतो आणि शेजारी खऱ्या यंत्राचा फोटो लावतो. दोन्ही एकत्र पाहिली की वाचकाला गोष्ट आपोआप समजते.

फाइलींची नावं हा छोटा मुद्दा आहे, पण वेळ खाणारा. फोनने दिलेलं आकड्यांचं लांबलचक नाव ठेवू नका. गेम आणि प्रसंग कळेल असं नाव द्या, इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता, हवं तर आडवी रेघ घालून. विंडोजला मोठं अक्षर आणि लहान अक्षर सारखंच, बहुतेक सर्व्हरना मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. घरच्या कॉम्प्युटरवर दिसणारं चित्र साइटवर चढवल्यावर दिसेनासं होतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. दुसरं कारण म्हणजे पानात चित्राचा पत्ता तुमच्याच सी ड्राइव्हचा लिहिलेला असतो. तुम्हाला ते दिसतं, जगाला दिसत नाही. स्वतः पान बनवून आमच्याकडे फक्त दुरुस्तीला आणणाऱ्यांनी या दोन जागा आधी तपासाव्यात, कदाचित आमच्याकडे यायची गरजही पडणार नाही.

काही जणांना वाटतं, आम्ही उगाच कीस पाडतो. साधी छंदाची साइट, तिला एवढं काय? आमचं म्हणणं उलट आहे. मोठ्या कंपन्यांची पानं गेम विकेपर्यंत राहतात. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या हँडहेल्डच्या ई-शॉप या ऑनलाइन दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ ला बंद झाली आणि फक्त तिथेच मिळणारे कितीतरी छोटे गेम विकत घेण्याची वाटच संपली. त्यांपैकी काहींबद्दल उद्या कुणाला पाहायचं असेल तर तुमच्यासारख्या कुणी तरी खेळून, चित्रं काढून, चार ओळी लिहून ठेवलेलं पानच कामी येईल. ते चित्र धुरकट असेल तर पुढे ते कुणालाच सुधारता येणार नाही. म्हणून नीट चित्रं आल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही, आणि हा नियम कुणासाठीही मोडत नाही.

आता बाकीचे प्रश्न.

‘साइटवर रोम, म्हणजे गेमच्या फाइली, ठेवता येतील का?’ नाही. गेमची प्रत वाटणं हा हक्कभंग आहे, गेम कितीही जुना असला तरी आणि दुकानात मिळत नसला तरी. जिथे रोम मिळतात अशा जागांची लिंकही आम्ही लावत नाही. एका तक्रारीवर अख्खी साइट उतरवली जाते आणि तुमचं स्वतःचं लेखनही तिच्याबरोबर जातं. चर्चेपुरते मोजके स्क्रीनशॉट, तुमचे अनुभव, तुम्ही काढलेले नकाशे आणि टिपा यांतून भरगच्च साइट उभी राहते. कंपनीचं किंवा यंत्राचं नाव साइटच्या पत्त्यात घालू नका, अधिकृत लोगो डोक्यावर लावू नका, आणि ही चाहत्याने केलेली साइट आहे, कंपनीशी संबंध नाही, ही ओळ तळाला असू द्या. ती आम्ही प्रत्येक साइटवर घालतोच.

‘पानं किती हवीत?’ सुरुवातीला तीन. एक ओळखीचं, एक तुमच्या आवडत्या यंत्राचं किंवा गेमचं, एक संग्रहाचं. बारा मथळे करून अकरा ठिकाणी ‘लवकरच येत आहे’ लिहिलेल्या साइटी पाहिल्या की आम्हाला वाईट वाटतं, कारण बनवणाऱ्याचा उत्साह तिथेच आटलेला दिसतो. एका गेमवर मनापासून लिहिलेलं एक लांब पान शंभर गेमच्या नुसत्या यादीपेक्षा जास्त वाचलं जातं. चौथं पान कधी जोडायचं हे तुम्हालाच कळेल, आणि ते कसं जोडायचं हे आम्ही काम सोपवताना बसून दाखवतो.

‘फुकट जागा मिळते, मग तुमच्याकडून कशाला?’ फुकट जागेला आमचा विरोध नाही. साधी पानं असतील तर गिटहब पेजेससारख्या ठिकाणी ती छान राहतात, आणि आम्ही तिथेही बसवून देतो. आमचा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. साइटचं नाव घ्याल ते तुमच्या स्वतःच्या नावावर नोंदवा, आमच्या नाही, आणि नूतनीकरणाची तारीख स्वतः लिहून ठेवा. दुसरं, अख्ख्या साइटची प्रत तुमच्या घरी हवी. जिओसिटीज हे फुकट पानं ठेवायचं ठिकाण २००९ मध्ये बंद झालं तेव्हा असंख्य चाहत्यांची पानं एका फटक्यात गेली. जुनी पानं जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हने आणि काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढी वाचवली तेवढीच उरली. आम्ही साइट साध्या पानांची बांधतो, मागे डेटाबेस ठेवत नाही, त्यामुळे काम संपल्यावर तुमच्या हातात जो फोल्डर येतो तीच संपूर्ण साइट असते. उद्या आम्ही नसलो तरी तो कुठेही चढवता येईल. ग्राहक बांधून ठेवायचा हा मार्ग नव्हे हे आम्हाला कळतं. पण एकदा साइट केलेले पुष्कळ जण दुसऱ्या यंत्राची साइट करायला आमच्याचकडे परत आले आहेत.

जुन्या खोक्यांची, माहितीपुस्तिकांची चित्रं हवी असतील आणि घरी स्कॅनर नसेल तर वस्तू आमच्याकडे आणा. पुस्तिकेची पिन न काढता आम्ही स्कॅन करून देतो आणि मूळ आकारातल्या फाइलीही तुम्हाला देतो. पिन काढून सपाट केलेली पुस्तिका पुन्हा तशी होत नाही, त्यामुळे घरी करणार असाल तरी तो मोह टाळा.

काम द्यायचं ठरलं की एकच फोल्डर करा : चित्रं मूळ आकारात, नावं लावलेली, आणि कोणतं चित्र कोणत्या परिच्छेदाजवळ हवं ते सांगणारी एक साधी मजकुराची फाइल. वर्डमध्ये चित्रं चिकटवू नका. फोल्डर झिप करून मेलने किंवा ड्राइव्हवरून पाठवा. तो मिळाला की आम्ही आधी एकच पान बांधून तुम्हाला दाखवतो. ते स्वतःच्या फोनवर उघडा, गेममधल्या संवादाची अक्षरं बोटांनी मोठं न करता वाचता येतात का ते पाहा, आणि आम्हाला कळवा. त्यावरून पट ठरेल, मग बाकीची पानं.